मापाचा माणूस

पुस्तिका टपालाने आली तेव्हा चिमी डार्करूममध्ये होती, म्हणून ती आधी वहिनीच्या हाती लागली. वहिनीने ती उलटसुलट चाळली, नवऱ्याचं नाव कुठे छापलंय ते शोधून काढलं, तेवढ्यावर तिचं समाधान झालं आणि पुस्तिका काउंटरवर डिंकाच्या बाटलीखाली जाऊन बसली. चिमी हात पुसत बाहेर आली, तिने ती उघडली आणि सातव्या पानावर थबकली.

सातव्या पानावर ती स्वतःच होती. दादाचा जुना कोट आणि त्याचीच टोपी घालून एका प्रचंड झाडाच्या बुंध्याला टेकून उभी, नखाएवढी. खाली छापलं होतं, 'झाडाची उंची एकशे पंच्याण्णव फूट. पायथ्याशी उभा असलेला मनुष्य सर्वसाधारण उंचीचा, म्हणजे पाच फूट पाच इंच धरला आहे.'

चिमीची उंची चार फूट दोन इंच होती. ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. बत्तीस वर्षांत तिने त्यावरचे इतके विनोद ऐकले होते की एखादा खरोखर नवा निघाला तर ती मनापासून दाद द्यायची. पंधराव्या वर्षानंतर एकच गोष्ट तिला चालत नसे, कुणी तिचं माप घेतलेलं. शिंपीसुद्धा तिचे कपडे जुन्या कपड्यांवरून अंदाजाने बेतायचा.

हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता तेही सांगायला हवं. गावाच्या वर, दोन दिवसांच्या चढणीवर, एक रान होतं. त्यातली झाडं किती जुनी होती हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या रानाची पलीकडची उतरण एका लाकडाच्या ठेकेदाराने सात वर्षांत साफ केली होती आणि आता त्याने अलीकडची मागितली होती. इकडे राजधानीत एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या डोक्यात असं भरलं होतं की हे रान सरकारने कायमचं राखून ठेवावं, त्यात कुऱ्हाड नको, नांगर नको, आणि ते कुणा एकाचं नसून सगळ्यांचं असावं. 'राष्ट्रीय उद्यान' हा शब्द तेव्हा इतका नवा होता की निम्म्या लोकांना वाटायचं, मास्तरांना तिथे बाकं टाकून कारंजी उडवायची आहेत. मास्तरांना दमा होता. त्यांनी स्वतः ते रान एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिले होते ते दादाचे फोटो.

दादाचा गावात फोटोचा स्टुडिओ होता. लोकांना खुर्चीत ताठ बसवायचं आणि हसू नका म्हणून दरडावायचं, हा त्याचा धंदा. काचेच्या प्लेटा धुणं, वाळवणं आणि बारीक पेन्सिलीने गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवणं हे चिमीचं काम. अर्ध्या गावाचे डाग तिने घालवले होते आणि आभार एकानेही मानले नव्हते, कारण डाग होता हेच मुळी कुणी कबूल करत नसे. चार वर्षांपूर्वी दादा कुतूहल म्हणून रानात गेला, पलीकडची बोडकी उतरण पाहून आला आणि दोन दिवस धड जेवला नाही. तेव्हापासून तो दर वर्षी वर जायचा, आणि प्लेटांची पेटी सांभाळायला चिमी बरोबर असायची.

रानात उजेड कमी, म्हणून प्लेट आठ-दहा सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ झाडाशी कुणीतरी उभं हवं, नाहीतर झाड केवढं ते कळणार कसं? हमाल चुळबुळ करायचे, डास मारायचे, एकाला तर नेमकी तेव्हाच शिंक यायची. मग दादा म्हणायचा, "चिमे, तू जा. तुझ्यासारखं स्थिर कुणी उभं राहत नाही." चिमीला याचा अभिमान होता. जन्मभर ज्या अंगापायी तिने फक्त चिडवणं सोसलं, ते अंग कशाच्या तरी कामी येत होतं.

ती पुस्तिका हातात घेऊन घरात गेली, परत काउंटरवर आली, परत आत गेली. वहिनी म्हणाली, पायाला भिंगरी लावलीस का? मास्तरांनी भिंग आणि कर्कटक घेऊन फोटोतला माणूस मोजला, मग त्याच मापाने झाड मोजलं, आणि सगळे आकडे भरवशाने छापले. पुस्तिकेच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या. रानाचं काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या प्रत्येक सभासदाकडे एकेक पोचली होती, आणि समितीची सुनावणी परवावर आली होती.

दादा संध्याकाळी आला तेव्हा तिने पान उघडून त्याच्यापुढे धरलं आणि मजकुरावर बोट ठेवलं.

त्याने वाचलं. पुस्तिका मिटली. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "पंचेचाळीस फूट इकडचे तिकडे झाले तर काय बिघडलं? मोजायला कोण जातंय तिथे?"

ती म्हणाली, ठेकेदार जाईल. त्याचे मोजणीदार तिथे फितीच घेऊन फिरतात. एक आकडा खोटा निघाला तर मास्तरांचं सगळंच खोटं ठरेल आणि रान हातचं जाईल. मास्तरांना आत्ताच कळवायला हवं. दादा म्हणाला, पत्र पोचेपर्यंत सुनावणी होऊन जाईल, आणि तोंडी सांगायचं म्हटलं तर ऐन वेळी म्हाताऱ्याचा धीर सुटेल. तू गप्प बस. मग त्याने टोपी चढवली आणि काही काम नसताना तो बाहेर निघून गेला.

चिमी दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसली खरी, पण पेन्सिल एका जागी ठरेना. पोस्टमास्तरांच्या नाकावरचा तीळ घालवता घालवता तिने नाकच अर्धं घालवलं. ती प्लेट बाजूला ठेवून तिने कागद घेतला आणि त्रैराशिक मांडलं. माणूस पासष्ट इंचांचा धरला तर झाड एकशे पंच्याण्णव फूट. मग माणूस पन्नास इंचांचा असेल तर झाड किती? उत्तर आलं दीडशे. तिने वजाबाकी केली. पंचेचाळीस.

ती कागदाकडे बघत राहिली. काल तिने दादाला एकही आकडा सांगितला नव्हता. तिला स्वतःलाच तो ठाऊक नव्हता. दादा पान वाचून मिटतो आणि पंचेचाळीस फूट म्हणतो, हे गणित त्याने कधी केलं? आणि दादाचं गणित असं होतं की दुकानातून परत आलेले सुटे पैसेसुद्धा तो वहिनीकडून तपासून घ्यायचा.

तो आकडा त्याच्यापाशी आधीपासून होता. झाडाशी ती उभी राहिली की झाड किती फूट जास्त भरतं, हे त्याने केव्हाच सावकाश बसून काढलं होतं. चिमीला एकदम खूप गरम व्हायला लागलं. ती उठली, तिने खिडकी उघडली, खिडकीशी उभं राहवेना म्हणून ती अंगणात गेली, तिथेही थांबवेना. हमालांची चुळबुळ, ती शिंक, ते 'तुझ्यासारखं स्थिर कुणी नाही', सगळं आता वेगळंच ऐकू येऊ लागलं. ज्या मापावरून गाव हसत होतं, तेच माप तिच्या सख्ख्या भावाने चार वर्षं गुपचूप वापरलं होतं. गाव निदान तोंडावर हसत होतं.

भांडायचं तर तिला जमलं असतं. तिची जीभ काही चार फूट दोन इंच नव्हती. पण भांडण पुरणार नव्हतं, आणि रान आड येत होतं. ती दादाला एवढंच म्हणाली, उद्या मीही सुनावणीला येतेय. दादा म्हणाला, तुझं काय काम तिथे? वहिनीही दादाबरोबर जायची होती; तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि गाडीत खायला तिघांऐवजी दोघांपुरतं बांधलं. मी घर बघते, तुम्ही दोघं काय ते निस्तरा, असा त्याचा अर्थ.

गाडीत ती खिडकीपाशी बसली, मग उठून दाराशी गेली, मग पुन्हा बसली. तिकीट तपासनिसाने अर्ध्या तिकिटाबद्दल विचारलं आणि तिचं वय ऐकून ओशाळा झाला. एरवी तिने त्याची फिरकी घेतली असती. दादा समोर वर्तमानपत्र धरून होता आणि तासभर त्याने पान उलटलं नव्हतं.

कचेरीच्या व्हरांड्यात मास्तर भेटले. हाडकुळे, गळ्याला मफलर, काखेत कागदांचं बाड. दादाला पाहून त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. मग विचारलं, आणि ह्या कोण?

"तुमच्या सातव्या पानावरचा मनुष्य," चिमी म्हणाली.

मास्तर हसले. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. तिने घडलेलं सांगितलं, फक्त 'पंचेचाळीस'ची गोष्ट गाळली. मास्तरांना धाप लागली. त्यांनी भिंतीला टेकून पुस्तिकेच्या मागच्या बाजूला गणित केलं, खोडलं, परत केलं. दीडशेच आले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही आज आत येऊ नका. मी हात जोडतो. तुम्हाला त्यांनी त्या फोटोंजवळ पाहिलं ना, तर सगळं संपलं."

हा माणूस लबाड नव्हता. ज्याच्यासाठी आयुष्य घालवलं ते डोळ्यांदेखत बुडत असेल तर माणूस काहीही मागतो. चिमीला त्यांची कीव आली आणि रागही आला. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. दार उघडलं, लोक आत शिरले आणि त्यांच्या गर्दीत तीही शिरली. गर्दीत शिरायचं म्हटलं तर तिच्याइतकी सोय कुणाचीच नव्हती.

आत लांबलचक टेबल, पाच सभासद, मधे अध्यक्षीणबाई. त्या आधी न्यायाधीश होत्या असं कुणीतरी कुजबुजलं. दादाचे फोटो मोठे करून भिंतीशी उभे केले होते. ठेकेदाराचा वकील उठला, अगदी शांतपणे. तो म्हणाला, मास्तरांच्या सदिच्छेबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आम्ही फक्त मोजून आलो. ओढ्याकाठच्या दोन खडकांमधलं झाड मास्तर एकशे पंच्याण्णव फूट म्हणतात, आमच्या मोजणीदाराला ते एकशे एकोणपन्नास भरलं. टेकाडावरचं ते म्हणतात एकशे ब्याऐंशी, आम्हाला भरलं एकशे एक्केचाळीस. वाकड्या बुंध्याचं ते म्हणतात एकशे एकोणसत्तर, आम्हाला एकशे तीस. आता हे फोटो कसे बनवले ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. पण ज्यांचे फोटो खोटे, त्यांचं रानही तसलंच असणार.

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मास्तर उठले, काही बोलायला गेले आणि खोकतच बसले. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, फोटोतला हा माणूस कोण? त्याची उंची कुणी तपासली आहे का?

दादा बुटांकडे बघत होता.

चिमी उठून उभी राहिली. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण पुढच्या बाकावरच्या धिप्पाड गृहस्थाच्या पाठीआड ती बसली काय आणि उभी राहिली काय, सारखंच. तेव्हा ती बाकांमधून वाट काढत थेट टेबलापाशी गेली आणि फोटोजवळ जाऊन उभी राहिली.

"तो माणूस मी आहे," ती म्हणाली. "मला मोजा."

दालनात खसखस पिकली. अध्यक्षीणबाईंनी नुसतं वर पाहिलं तशी ती थांबली. मोजायला काय आहे, अशी शोधाशोध सुरू झाली आणि अखेर ठेकेदाराच्याच मोजणीदाराने खिशातून फीत काढली. त्याने तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं, गुडघा टेकला, फितीचं टोक तिच्या टाचेशी धरलं. पस्तीस-चाळीस माणसं बघत होती. पंधराव्या वर्षापासून जे तिने टाळलं होतं ते भर सभेत चाललं होतं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. तिला पळून जावंसं वाटत होतं. मोजणीदार मात्र भला माणूस होता. त्याने आकडा ओरडून सांगितला नाही, उठून टेबलापाशी गेला आणि कागदावर लिहून दिला. पन्नास इंच.

अध्यक्षीणबाईंनी पेन्सिल घेतली. त्या बराच वेळ लिहीत होत्या.

"दीडशे. एकशे चाळीस. एकशे तीस," त्यांनी वाचून दाखवलं. "वकीलसाहेब, तुमचे आकडे पुन्हा सांगता का?"

वकिलाने सांगितले. तिन्ही झाडांत फूटभराच्या वर फरक कुठेच नव्हता. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, म्हणजे फोटोंत खोट नाही, खोट पुस्तिकेतल्या एका ओळीत आहे. मग त्यांनी ठेकेदाराचा मूळ अर्ज मागवला आणि त्यातलं एक वाक्य मोठ्याने वाचलं. 'सदर रान झुडपी असून त्यात शंभर फुटांवरचं एकही झाड नाही.' त्यांनी मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदाराने फीत गुंडाळायला घेतली, आणि ती गुंडाळायला त्याला फारच वेळ लागला. मास्तरांना खोटं पाडायच्या नादात ठेकेदाराने स्वतःच्याच फितीने स्वतःचा अर्ज फाडला होता.

चिमीला वाटलं, आता सुटले. पण अध्यक्षीणबाई मुरलेल्या होत्या. त्या दादाकडे वळल्या. एक शंका राहते, त्या म्हणाल्या. तुमच्याबरोबर हमाल असतील. मापासाठी माणूस उभा करायचा तर नेमक्या ह्याच बाईंना का? हे आपसूक झालं की ठरवून?

दादा उभा राहिला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तो खरं बोलला असता तर फोटो, मास्तर, रान, सगळं एकदम लबाडीच्या खात्यात गेलं असतं. त्याने चिमीकडे पाहिलं आणि तिच्या नजरेवरून तो समजला की तिला माहीत आहे.

"ती हलत नाही," तो म्हणाला. "दहा सेकंद न हलता उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं."

"हे खरं आहे का?" अध्यक्षीणबाईंनी चिमीला विचारलं.

तिने दादाकडे पाहिलं नाही. भिंतीशी टेकलेल्या फोटोंकडे पाहिलं. अकरा फोटो होते आणि अकराही फोटोंत ती होती. तिने एक शब्द वेगळा उच्चारला असता तर तिचा हिशेब चुकता झाला असता आणि पुढच्या हंगामात त्या अकराही झाडांवर कुऱ्हाड पडली असती. तिला दादाचा इतका राग कधीच आला नव्हता.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी हलत नाही."

निकाल महिन्याभराने आला. रान राखलं गेलं, ओढ्यापासून माथ्यापर्यंत, कायमचं. मास्तरांनी तार केली, तीत 'बाईंना' हा शब्द दोनदा होता, आणि तारेत शब्द मोजून पाठवतात हे लक्षात घेता ते फार झालं. समितीने फक्त एक अट घातली होती, दफ्तरात ठेवायला फोटो नव्याने काढून द्यावेत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाची उंची लिहून.

त्या महिन्यात भाऊ-बहीण कामापुरतंच बोलत होते. तिला बसवत नव्हतं, झोपही लागत नव्हती. तार आल्यावर तरी मन शांत होईल असं तिला वाटलं होतं, तेही झालं नाही. वर निघायच्या आदल्या दिवशी दादा डार्करूमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ती बोडकी उतरण पाहिल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लोक तिथे जाऊन बघणार नाहीत, फोटोच बघणार. मला झाड मोठं दिसायला हवं होतं, चिमे. मी तुझा विचारच केला नाही.

चिमी म्हणाली, "उद्या तू उभा राहा. फोटो मी काढते."

दोन दिवस चढून ते ओढ्याकाठी पोचले. दादा दोन खडकांमधून पलीकडे गेला आणि झाडाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. पाच फूट आठ इंच, गावातल्या उंच माणसांपैकी एक. चिमी पेटीवर चढली, डोक्यावरून काळं कापड घेतलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं.

काचेत दादा उलटा दिसत होता, एवढासा. झाड त्याच्यावर वर, वर, वर गेलं होतं आणि अर्ध्यातच काच संपली होती. चार वर्षं दादाने ह्याच काचेतून पाहिलं होतं. तिच्या जागी तो स्वतः उभा असता, हमाल उभे असते, गावातला सगळ्यात उंच माणूस उभा असता, तरी झाड एवढंच मोठं दिसलं असतं. तिला बुटकं करून मोठं करायची त्या झाडाला काही गरज नव्हती. कापडाखाली तिला रडू फुटलं, आणि तिथे कुणी बघत नसल्यामुळे तिने ते येऊ दिलं.

"आलं का पूर्ण?" पलीकडून दादाने विचारलं.

तिने बाहीने डोळे पुसले आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं उचललं.

"नाही," ती म्हणाली. "अजून बरंच मागे जावं लागेल."